चिंचांच्या गावची शाळा

आमच्या घरात गावांना सरकारी नावं नव्हती. एसटीच्या पाटीवर किंवा तलाठ्याच्या दप्तरात जी नावं असतात, ती माय आणि दादांना ठाऊक असतीलही, पण त्यांच्या तोंडी ती कधी आली नाहीत. दादा म्हणजे माझे वडील. मेंढरं घेऊन ते ज्या वाटेनं वर्षानुवर्षं चालले, त्या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. कडू पाण्याचं गाव. लांडगा आला ते गाव. भल्या पाटलिणीचं गाव. घोडं बसलं ते गाव. आणि सगळ्यात शेवटी, गोदावरीच्या काठाला, चिंचांचं गाव.

हे शेवटचं नाव आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मायनं ते उच्चारलं.

मी शहरात, उस्मानपुऱ्यात राहते. सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आता निवृत्त झाले. दादा गेल्यापासून माय माझ्याकडेच असते. दुसऱ्या मजल्यावरचं घर तिला काही केल्या मानवत नाही. पायाखाली माती लागत नाही म्हणते. सकाळी गॅलरीत पाय पसरून बसते आणि खालच्या रस्त्यावर एखादी चुकार शेळी दिसली की तिचा दिवस बरा जातो.

माझा धाकटा भाऊ भगवान चितेगावला असतो, तिथल्याच एका कंपनीत कामाला. त्याच्या मुलाला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि त्यासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी वंशावळ लागते आणि घराण्यातल्या कुणाचा तरी जुना शाळेचा पुरावा लागतो. जितका जुना तितका बरा. दादा शाळेची पायरी कधी चढले नाहीत. आजोबांचा तर प्रश्नच नव्हता. घरात पहिली शाळेत गेले ती मी. निदान त्या दिवसापर्यंत मी तसं समजत होते. नातेवाइकांत, समाजाच्या मेळाव्यात, अगदी निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा लोकांनी मला हेच म्हणून हार घातले होते, मेंढपाळाच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी.

भगवान कागद पसरून फरशीवर बसला होता. त्यानं आजोबांचं नाव लिहिलं, खाली दादांचं, सखाराम असं, लिहिलं. "दादांच्या खाली आक्का तू, मग मी. झालं."

"हौसा राहिली," माय म्हणाली.

"कोण हौसा?"

"थोरली. तुझ्या आक्काच्या वरची."

भगवाननं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आक्का, मायला हल्ली असं होतंय का?"

"मला काय बी झालेलं न्हाई," माय गॅलरीतूनच म्हणाली. "माझी थोरली लेक हौसा. चिंचांच्या गावात साळंत जायची. लिही तिचं नाव."

"माय, एवढ्या वर्षांत एकदा तरी बोललीस का हे? आज एकदम कसं लिहू? तिथं प्रत्येक नावाचा पुरावा मागतेत."

"पुरावा?" मायनं मान वळवली. "मी जल्म दिलाय तिला. आजून कशाचा पुरावा?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुझ्या दादानं तोंडाला कुलूप घातलं व्हतं. नाव काढू नको म्हणला, न्हाई काढलं. आता त्यो गेला. आता मी कुणासाठी गप बसू?"

भगवाननं पेनाचं टोपण लावलं. तो माझ्याही मागून जन्मलेला. त्याला ती ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. म्हातारपणी माणसं कुणाकुणाला हाका मारतात, तसंच हे, असं त्याला वाटलं असणार. पण हौसा हे नाव कानावर पडलं तेव्हा ते मला नवीन वाटलं नाही, आणि त्याची मला भीती वाटली.

मला जे आठवतं ते तुकड्यांनी आठवतं. घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. एका अंगाला भांडी, दुसऱ्या अंगाला झोळीत नुकती जन्मलेली कोकरं आणि मधे मी. कोकरांच्या तोंडाला दुधाचा आंबूस वास यायचा आणि त्यांच्या अंगाची ऊब माझ्या मांडीला लागायची. थंडीच्या दिवसांत आम्ही सगळी एकमेकांना बिलगून जायचो, मी आणि कोकरं. पुढं कुणीतरी घोड्याचा दोर धरून चालत असायचं. ती माय, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. पण मायच्या डोक्यावर कायम कोंबड्यांचं डालगं असायचं, आणि तिचा पदर डोक्यावरून कधी ढळलेला मी पाहिला नाही. दोर धरणाऱ्या पाठीवर एक वेणी होती. लाल फडक्यानं बांधलेली, चालताना डावीउजवीकडे हलणारी. ती वेणी कुणाची, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

दिवाळी सरली की आम्ही निघायचो. ज्वारी निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकरी खताच्या बदल्यात दाणे द्यायचे, आणि रान खाऊन झालं की पुढचं गाव. संध्याकाळी मेंढरांभोवती वाघूर लागायची. वाघूर म्हणजे उभं केलेलं जाळं. त्याच्या आत मेंढरं एकदा बसली की एक वेगळाच आवाज सुरू व्हायचा, शेकडो तोंडं रवंथ करत असल्याचा, ओल्या कापडावर कुणी हळूहळू पाय घासावेत तसा. त्यात ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा आणि तुराट्यांच्या धुराचा वास. तव्यावर भाकर उलटली की त्या सगळ्या वासांतून भाकरीचा वास वर यायचा. घोंगडीत तोंड खुपसलं की ती नाकाला टोचायची. आज माझ्या घरात मऊ पांघरुणं आहेत, आणि मला कित्येकदा टोचण्यावाचून झोप लागत नाही.

चिंचांच्या गावाला पोचलो की फार दिवस मुक्काम असायचा. नदीकाठ होता, गवत होतं, पाणी होतं. तिथंच मेंढरं धुवायची आणि कातरायची. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे, एकेक मेंढरू ओढून बुडवायचे, आणि ते ओरडत काठावर यायचं तेव्हा निम्मं झालेलं दिसायचं. मग कातरीची करकर दिवसभर. कातरलेल्या लोकरीचा चिकट ओशटपणा सगळ्यांच्या हातांना लागायचा. लोकरीचे पुंजके नदीवर तरंगत जायचे आणि मी काठानं त्यांच्याबरोबर पळायची. कुणीतरी मागून ओरडायचं, "बास, म्होरं जाऊ नको!" तो आवाज मायचा नव्हता. मायचा आवाज जाड. हा बारीक होता.

चिंचांखाली सावली एवढी दाट असायची की दुपारी तिथं मेंढरं उभी केली तर ती काळी दिसायची. आम्ही चिंचोके निखाऱ्यात भाजायचो आणि फोडून खायचो. दातांत अडकलेल्या त्या भाजक्या, कडक चिंचोक्याची चव माझ्या जिभेला अजून आहे. आणि वाळू आहे. वाळूवर काडीनं काढलेलं एक अक्षर आहे. "ह. ह हौसाचा. काढ." माझ्या मुठीत काडी, आणि मुठीवर दुसरी मूठ.

दादांनी पुढं मेंढरं विकली आणि मला पैठणला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तिथं बाईंनी पहिलं अक्षर शिकवलं ते ग, गवताचा. मी पाटीवर ग काढला आणि शेजारी आपण होऊन ह काढला. बाईंनी कौतुकानं विचारलं, "हा कुणी शिकवला गं?" मला सांगता आलं नाही. कुणीच नाही, असं मी म्हणाले असेन.

आणि एक सकाळ. नदीवर धुकं होतं. मेंढरं उठवली होती. दादांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले होते आणि ते धूत नव्हते. माय चुलीवर पाणी ओतत होती. चूल विझली, राखेचा चिखल झाला, तरी ती ओतत होती. मला उचलून घोड्यावर कोकरांच्या मधे बसवलं. घोड्याचा दोर त्या दिवशी दादांनी धरला होता.

त्या वाटेनं आम्ही पुन्हा गेलो नाही. पुढं धरणाचं पाणी आलं आणि वाटच बुडाली. म्हणून जात नाही, असं आम्हा मुलांना सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं.

भगवान निघून गेल्यावर मी मायजवळ बसले. "माय, हौसाला काय झालं होतं?" मायनं त्याचं उत्तर दिलं नाही. आजही दिलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "साळंत नाव घातलं व्हतं तिचं. मीच नेऊन घातलं. तुझा दादा नको म्हणत व्हता. मास्तरनं लिहून घेतलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मग म्हणाली, "तू जाऊन बघ. भगवानला वाटतंय मी येडी झाले."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. भगवानला कागद हवा होता. मला काय हवं होतं ते मला नीट सांगता येत नव्हतं. वेणी आणि बारीक आवाज मी मनानंच रचले नाहीत, एवढं कुणीतरी सांगावं, असं काहीतरी.

पैठण रस्त्यावरच्या गावांपासून सुरुवात केली, कारण मायला गावाचं खरं नाव सांगता येईना. ती खुणा सांगायची. गावाच्या अंगाला चिंचा, साळा मारुतीच्या देवळात, खाली नदी. चितेगावच्या पुढच्या एका शाळेत गेले. बाहेर ज्या रानात कधीकाळी आमची मेंढरं बसली असतील तिथं आता पत्र्याच्या शेडची रांग होती आणि हवेला रबर जळाल्याचा वास होता. तिथले मुख्याध्यापक चांगले होते. चहा दिला, जुनी दप्तरं वाळवीनं खाल्ली म्हणाले. मग सहज म्हणाले, "आणि मॅडम, मेंढरामागं फिरणाऱ्या पोरांची नावं कोण लिहून घेत होतं त्या वेळी? त्यातून मुलगी. तुमच्या आईंचा काहीतरी घोळ होत असेल." मी चहा तसाच ठेवला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचं म्हणणं मला पटायला लागलंय. त्या संध्याकाळी मायच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं.

आणखी एका गावातून मी तशीच रिकामी परतले. मग एकदा पैठणच्या स्टँडवर बस चुकली म्हणून चहाच्या गाड्यावर थांबले. बाकावर एक म्हातारे बाबा बसले होते, डोक्याला मळकं मुंडासं. सहज विचारलं, "बाबा, नदीकाठी चिंचांचं बन होतं असं कुठलं गाव? शाळा मारुतीच्या देवळात होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "व्हतं की. पर बाई, त्या चिंचा पाण्यात गेल्या. देऊळबी गेलं. गाव उठलं आन् वर माळावर गेलं." त्यांनी त्या गावाचं नाव सांगितलं. कागदावरचं, सरकारी नाव. दादांच्या तोंडून ते मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि मी त्याच गावात राहिले होते.

माळावरच्या त्या गावात एकही मोठं झाड नाही. सरळ आखलेल्या गल्ल्या, सारखी घरं, मधे शाळा. मुख्याध्यापिका वयानं माझ्या लेकीएवढ्या. मी पडताळणीचं काम सांगितलं, तशा त्या निमूट उठल्या. लोक रोजच येतात म्हणाल्या. आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्याच्या वर तुटलेले बाक आणि एक फुटका पृथ्वीचा गोल. कपाट उघडलं तसा आधी वास आला, ओल लागून पुन्हा वाळलेल्या कागदाचा.

"गाव उठलं तेव्हा दप्तरं बैलगाडीतून आणली म्हणतात," त्या म्हणाल्या. "पावसात भिजली होती. पण अक्षर टिकलंय बघा."

फुगलेली, कडा तपकिरी झालेली पानं त्या हलक्या हातानं उलटत होत्या. निळ्या शाईतलं एकसारखं, जरा उजवीकडे कललेलं अक्षर. एका बुडालेल्या गावातली सगळी मुलं ओळीनं उभी होती. गणपत, रुक्मिण, शेख अब्दुल, पुंजाराम, कडूबाई. कुणाचा बाप शेतकरी, कुणाचा सुतार, कुणाचा कोतवाल. मला वाटत होतं की यात ती सापडली नाही तर बरं होईल. सापडली नाही तर माय चुकली, मी चुकले, आणि ती सकाळ नुसती धुक्याची सकाळ राहील.

"ही का बघा," त्या म्हणाल्या.

हौसा सखाराम धनगर. आडनावाच्या जागी धनगर आणि जातीच्या रकान्यातही धनगर. वडिलांचा धंदा, मेंढपाळ. राहण्याचं ठिकाण, फिरते. जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं घातलेली असणार, आमच्यात जन्मतारखा कुठून येणार. प्रगती, चांगली. वागणूक, चांगली. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याच्या कारणाखाली, सतत गैरहजर. नाव कमी केले.

मी त्या ओळीखाली बोट धरून उभी होते. मुख्याध्यापिकांनी खुर्ची सरकवली तेव्हा मी बसले. दवाखान्यात इतकी वर्षं मी मृत्यूचे दाखले भरलेले आहेत. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. गैरहजर हे त्यातलं कारण नव्हतं.

"तुमच्या कोण?" त्यांनी विचारलं.

"बहीण. थोरली."

"असतात?"

"नाही. त्याच वर्षी गेली. शाळेला कुणी कळवलं नसावं."

त्यांनी पुन्हा पान पाहिलं. "नाव कमी केलंय ते वार्षिक परीक्षा झाल्यावर. बरेच महिने ठेवलं म्हणायचं. येईल असं वाटत असणार गुरुजींना." मग त्यांनी उतारा तयार केला, शिक्का मारला, सही केली. त्यांना उशीर झाला होता तरी त्या मला शाळेच्या मागच्या अंगाला घेऊन गेल्या आणि हात लांब केला. "ते तिकडं. जुनं गाव तिथं होतं."

माळ उतरत जात होता, आणि खाली जिथवर नजर जाईल तिथवर पाणी. उन्हाळा होता म्हणून काठ मागं सरला होता आणि उघड्या पडलेल्या गाळात कुणीतरी काकडी लावली होती. एक बाई वाकून वेल सारखे करत होती. मी पाण्याकडे पाहत चिंचा कुठं असतील याचा अंदाज घेत राहिले. हौसाला मातीत ठेवायला दादांनी जी जागा निवडली असेल ती नक्कीच उंचावरची, पूर येणार नाही अशी. पूर न येणारी जागा त्यांनी शोधली असेल आणि मग धरणाचं पाणी आलं असेल. ते आले असतील का कधी एकटे, पाणी चढताना बघायला? मेंढरं विकल्यावर काही दिवस ते घरात नसायचे, तेव्हा? आता विचारायला कुणी नाही.

मी पहिली नव्हते, हेही तिथंच उभं राहून मला नीट कळलं. माझ्या शाळेसाठी माय दादांशी भांडली असेल, असं मी धरून चालले होते; तसं नव्हतं. ते भांडण आधीच होऊन गेलं होतं, हौसासाठी. तिच्या वाटणीची शाळा माझ्याकडे आली होती. तिचा ह माझ्याकडे होता. माझ्या गळ्यात पडलेल्या प्रत्येक हाराखाली आणखी एक मान होती, आणि ती कुणालाच दिसत नव्हती, मलाही नाही.

घरी आले तेव्हा भगवान येऊन बसलेला होता. मी फोनवर उतारा मिळाल्याचं सांगितलं होतं. त्यानं माझ्या हातातून कागद घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "आक्का, हे तर लई जुनं हाय! जात स्पष्ट लिहिली, दादांचं नाव आहे. चालतंय की हे! पोराचं काम झालं समज."

"आता हाय व्हय तुझी बहीण?" माय म्हणाली.

भगवानचा हात तसाच राहिला. तो वाईट माणूस नाही. मुलाच्या प्रवेशाची तारीख जवळ आली होती, त्याला रात्रीची झोप नव्हती. त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "चुकलं माय."

माय माझ्याकडे वळली. "काय लिवलंय तिच्याम्होरं? समदं वाच."

येताना एसटीत मी ठरवलं होतं की शेवटचा रकाना वाचायचा नाही. पण मायनं 'समदं' म्हटलं, आणि तिनं इतकी वर्षं गप्प राहून काढली होती. मी वाचलं. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं. फिरते, हे वाचल्यावर तिनं मान हलवली. वागणूक चांगली, यावर म्हणाली, "हां, मास्तरला कळलं व्हतं." मग मी थांबले, आणि मग वाचलं. "सतत गैरहजर. नाव कमी केले."

"गैरहजर म्हंजी?"

"शाळेत येत नाही, असं."

 खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत गेला. मला वाटलं, मी हे वाचायला नको होतं.

"ती येत न्हाई, हे मास्तरला कसं कळायचं?" तिनं विचारलं.

"हजेरी घेतात ना माय. रोज सकाळी सगळ्यांची नावं पुकारतात. पोरं ओ देतात."

"रोज?"

"रोज."

"ती गेल्यावर बी?"

"त्यांना माहीत नव्हतं ना. परीक्षा होईपर्यंत तिचं नाव पटावर होतं. म्हणजे तोपर्यंत रोज पुकारत असणार."

मायनं पदराचं टोक हातात घेतलं आणि ते उगाच सारखं करत राहिली. 

"आमी त्याच सकाळी मेंढरं उठवली," ती म्हणाली. "वाटंत तुझा दादा म्हणला, आता तिचं नाव काढायचं न्हाई, न्हाईतर मी चालू शकणार न्हाई. आमी दोघांनी न्हाई काढलं. कुणीच न्हाई काढलं. मला वाटायचं, एवढी गुणाची लेक, आन् तिचं नाव ज्या दिशी गेली त्याच दिशी बंद झालं." तिनं पदराचं टोक सोडलं. "आन् तिकडं त्यो मास्तर रोज घेत व्हता."

भगवान उठून तिच्याजवळ येऊन बसला. मी धीर करून विचारलं, "माय, दिसायला कशी होती ती?" मला वेणी आठवते, मूठ आठवते, आवाज आठवतो. चेहरा आठवत नाही. तो माय सांगेल, अशी मला फार आशा होती.

माय माझ्याकडे पाहत राहिली. माझ्यात काही सापडतंय का असं शोधल्यासारखी. मग तिनं नजर काढून घेतली.

"न्हाई गं आठवत," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. डोळं मिटलं की पाठच दिसती."

 गॅलरीतलं ऊन आत सरकत फरशीवर आलं होतं. थोड्या वेळानं मायनं भगवानच्या गुडघ्यावरच्या कागदाला बोट लावलं. "तू वाच."

भगवाननं घसा साफ केला. "हौसा सखाराम धनगर," त्यानं वाचलं. पहिल्यांदाच तिचं नाव त्याच्या तोंडात आलं होतं आणि तो ते जपून उच्चारत होता. बापाचं नाव, धंदा, फिरते, प्रगती चांगली, वागणूक चांगली. तिथं तो थांबला आणि कागदाची घडी करायला लागला.

मायनं त्याचा हात धरला.

"म्होरलं वाच की," ती म्हणाली. "तेच तर ऐकायचंय मला."